चार ठिपके, मधली रेघ खाली

नाही नाही, मी उभाच बरा आहे, तुम्ही सगळे बसा, ती खुर्ची राहू द्या तिथेच... चाळीस वर्षं उभ्यानं बोललोय, बसून बोलायला लागलो की मला वाटतं मी तोंडी परीक्षेला आलोय! तर काय सांगत होतो... हां, चार ठिपके! मला सांगा, चार ठिपके देणं हे काय अवघड काम आहे? लहान मूल देतं. आणि मी, ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, नऊ दिवस, नऊ दिवस हो, त्या संगणकासमोर बसून चार ठिपके देतोय आणि ते ठिपके माझ्याकडे बघून हसतायत... म्हणजे ठिपके हसत नाहीत, हे मला माहीत आहे, मी एकटा राहतो म्हणून मला तसं वाटतं, हेही माहीत आहे, पण एकदा तुम्ही माझ्या जागी बसून बघा, म्हणजे तुम्हालाही वाटेल!

मी जास्त बोलतोय का? तुम्हाला काही म्हणायचं असेल तर मला मध्येच थांबवा हं, अगदी खुशाल. नाही ना? बरं. तर मुद्दा असा की...

मला एक नात आहे. दूर असते. इतकी दूर, की माझा सकाळचा चहा होतो तेव्हा ती संध्याकाळचा भात चिवडत असते. दर रविवारी पडद्यावर भेटतो आम्ही. येत्या... म्हणजे गेल्या रविवारी तिला पाच वर्षं पूर्ण झाली. त्याच्या दोन आठवडे आधीच्या रविवारची गोष्ट. बाईसाहेब बाहुली घेऊन बसल्या होत्या, आणि बाहुलीच्या डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी. टोपी नातीचीच, जन्मली तेव्हाची, आता हिचं डोकं मोठं झालं म्हणून बाहुलीला बढती मिळाली. तर मला विचारते, "आजोबा, ही टोपी कोणी केली?" म्हटलं, "तुझ्या आजीनं." माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा ही दोन वर्षांची होती, हिला काय आठवणार? मग हिचा पुढचा प्रश्न, "आजी कशी बोलायची?"

आता कशी बोलायची!

अहो, मी ध्वनीचा माणूस. मला ध्वनीबद्दल प्रश्न विचारला की माझं जे व्हायचं ते होतंच. मी त्या पाच वर्षांच्या पोरीला सांगितलं, "साधारण दोनशे हर्ट्झ." पडद्यावर मागे माझी मुलगी उभी होती, तिनं कपाळावर हात मारलेला मला स्पष्ट दिसला. आणि नात म्हणते, "असं नाही रे, बोलून दाखव!"

बोलून दाखव... आता तुम्हाला सांगतो, मला नकला बऱ्या येतात. आमचे प्राचार्य हुबेहूब करायचो, मुलीची करतो, खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांची करतो, पुढे करून दाखवणारच आहे. मी तोंड उघडलं. उघडंच ठेवलं. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि मला तिच्या आवाजातलं एक वाक्य, एक अख्खं वाक्य काढता येईना! प्रसंग आठवतात, साड्या आठवतात, कुठल्या वर्षी कुठला दात काढला तेसुद्धा आठवतं... आणि त्या सगळ्यांत बोलतोय कोण? मी! मी काय म्हणालो ते सगळं लख्ख आठवतंय. नात वाट बघत बसली, मग बाहुलीला म्हणाली, "आजोबांना येत नाही."

मी शब्द देऊन बसलो! म्हटलं, "दोन आठवड्यांनी, तुझ्या वाढदिवसाला, खरा आजीचा आवाज ऐकवतो." शब्द देताना मला काहीच वाटलं नाही, देऊन झाल्यावर घाम फुटला. कारण आवाज आहे कुठे? साठवलेला असा एकच आहे. मी निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला एक कॅमेरा भेट दिला होता... मी बोलायचं थांबवून जरा बघायला लागावं असा त्यांचा हेतू असावा, आता वाटतं. त्या कॅमेऱ्यात मी पुष्कळ चित्रण केलंय. बहुतेक सगळं माझ्या बुटांचं आहे, कारण कॅमेरा बंद झाला असं समजून मी तो हातात लोंबकळत ठेवून फिरायचो. पण पहिल्या दिवशीची सात मिनिटं मात्र हिची आहेत. मुलीला तेव्हा सातवा महिना होता. ही खिडकीशी बसून माझा जुना राखाडी स्वेटर उसवतेय, बाळाची टोपी करायला. उजेड चेहऱ्यावर छान पडलाय, माणूस अगदी समोर बसल्यासारखं दिसतंय.

आणि ऐकू कोण येतंय? मी.

कॅमेरा माझ्या हातात, कॅमेऱ्याचा माइक माझ्या हनुवटीखाली! सात मिनिटं मी तिला कॅमेरा कसा चालतो ते समजावून सांगतोय. भिंग म्हणजे काय, उजेड कुठून यावा, माइक कुठल्या दिशेचा आवाज पकडतो... हो, तेसुद्धा सांगतोय, माइक कुठल्या दिशेचा आवाज पकडतो ते मी माइकच्या तोंडात सांगतोय! आणि ही पडद्यावर ओठ हलवतेय. बोलतेय हो, नक्की बोलतेय. पण ऐकू येतं ते असं, "तर मुद्दा असा की... तर मुद्दा असा की..."

मुलीला फोन केला. ती तिथल्या मराठी शाळेत शिकवते, मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ स्वतःच करते, तिला हे सगळं येतं. दोन तासांमधल्या सुट्टीत बोलत होती, मागे पोरांचा गलका. "बाबा, सोप्पंय! आवाजाची एक रेघ असते ना, व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर? तिथे तुम्हाला जेवढा तुकडा हलका करायचाय ना, त्याला चार ठिपके द्यायचे. दोन अलीकडे, दोन पलीकडे. मधली रेघ धरायची आणि खाली ओढायची. झालं! अहो, दोन मिनिटांचं काम... ए, बाकावरून उतर आधी!... तुम्हाला नाही म्हणाले, बाबा. चार ठिपके, मधली रेघ खाली! ठेवते!"

मी लिहून घेतलं. वहीत, तारीख घालून. चार ठिपके, मधली रेघ खाली. खाली ओळ मारली. मग मनात आलं, चारच का? दोन का नाहीत? एक सुरुवातीला, एक शेवटी, तुकडा ठरला की! गणिताच्या दृष्टीनं दोन बिंदू पुरेत. मुलगी मराठी शिकवते, तिला काय माहीत... आणि मी दोनच ठिपके दिले, रेघ धरली, खाली ओढली, आणि अख्खी सात मिनिटं खाली गेली! मी गेलो, ही गेली, पाठीमागचा पंखा गेला, सगळं चिडीचूप. तळाला एक आकडा दिसायला लागला, उणे अनंत. आता बघा, उणे अनंत ही कल्पना मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिली, पण स्वतःच्या आवाजापुढे लिहिलेली कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, पुसलं गेलं! तिचा असलेला एकुलता एक आवाज मी माझ्या हातानं पुसला. असाच उठलो, पाणी प्यायलो, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. मग मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, कंट्रोल झेड दाबा." दाबलं. आली परत! म्हणजे मी आलो परत. तर मुद्दा असा की...

म्हणजे चारातले बाहेरचे दोन ठिपके पहारेकरी असतात. ते बाकीच्या रेघेला जागेवर धरून ठेवतात, म्हणून आतल्या दोघांना खाली जाता येतं. हे मला तीन दिवसांनी कळलं. तोपर्यंत मी फाइली साठवत होतो, भीतीनं. 'अंतिम', 'अंतिम सुधारित', 'अंतिम सुधारित, खात्री नाही'. आणि एका तरुण माणसाचा शिकवणीचा व्हिडिओ बघत होतो, तो इतक्या वेगानं बोलतो, की "नमस्कार मित्रांनो तर आज आपण बघणार आहोत की आवाज कसा कमी करायचा तर चला सुरू करू या तर हा बघा झाला कमी!" अरे, केव्हा झाला? मी चष्मा पुसत होतो! आणि काय म्हणे, मित्रांनो... तीन वर्षांत मला मित्रा म्हणणारा हा एकटाच, आणि त्यालाही माझ्याकडे बघायला फुरसत नाही.

बरं, चार ठिपके जमले. मग मी ठरवलं, आपण खाली कशाला जायचं, हिलाच वर आणू! जिथे हिचे ओठ हलतायत, तिथे चार ठिपके, मधली रेघ वर. जेवढी जाईल तेवढी वर. स्पीकरचा आवाजही पूर्ण ठेवला, म्हटलं बारीकसा आवाज असेल, निसटायला नको. कान स्पीकरला लावला. आणि दाबलं...

"तर मुद्दा असा की!!!"

अहो, माझा आवाज! पण कसला, सभामंडपातला! मी खुर्चीसकट मागे गेलो. कपाटावरचा चहाचा डबा पडला. आणि दोनच मिनिटांत दारावर धडाधड थापा. खालचे दाताचे डॉक्टर, पांढरा कोट, एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा. "सर, बरे आहात ना? सर, मी दाढ कोरत होतो हो! माझा पेशंट टुणकन उडाला, मला वाटलं गेली जीभ! भांडण चाललंय का कुणाशी?" आता मी एकटा राहतो हे त्यांना माहीत आहे. तरी विचारतायत, भांडण चाललंय का! मी म्हटलं, "नाही हो, मीच मला जरा जोरात ऐकत होतो." ते माझ्याकडे असं बघायला लागले, जसं ते क्ष-किरणाच्या फोटोकडे बघतात. मग हळूच म्हणाले, "सर, येत जा खाली. गप्पा मारू." आता यांच्याशी काय गप्पा मारणार? सगळा दिवस ज्याच्याशी बोलतात त्याच्या तोंडात नळी असते! यांना उत्तराची सवयच नाही. ...मी दुसऱ्याला हसतोय. मला हसायचा काय अधिकार आहे, तुम्हीच सांगा.

जाताना ते एक वाक्य बोलून गेले, "सर, तुमच्या घरात आवाज फार घुमतो हो हल्ली."

आता हे त्यांनी मला सांगावं? माझा प्रबंधच त्यावर! खोलीत आवाज किती घुमेल, हे खोलीत काय काय आहे त्यावर ठरतं. पडदे शोषतात, गाद्या शोषतात, माणसं शोषतात. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषून घेतो. हे मी दर वर्षी शिकवायचो आणि मुलं दर वर्षी हसायची. तर मी त्या दिवशी मोजलं. कागद घेतला, खोलीची लांबी-रुंदी घेतली, माणसं दोनाची एक केली, आणि फरक काढला. इतका किरकोळ येतो, की माणसाच्या कानाला तो कळणंच शक्य नाही! शास्त्राप्रमाणे मला तो ऐकू येता कामा नये. मी दोनदा ताळा करून पाहिला. ऐकू येतोच.

असो. मी थांबू का? काही म्हणताय? नाही, मला वाटलं तुम्ही काहीतरी... बरं. तर मुद्दा असा की...

मुलीला पुन्हा फोन. म्हटलं, "तिचा आवाज वर ओढला की माझाच वर येतो." ती म्हणाली, "येणारच ना, बाबा! माइक एकच होता. दोघं एकदम बोललात की दोघं एकाच रेघेवर. ते वेगळं नाही करता येत मला. तुम्ही जिथे बोलत नाही आहात ना, तेवढाच आईचा आवाज मिळेल तुम्हाला." मग थोडी थांबली आणि म्हणाली, "...असेल ना तशी एखादी जागा?"

तशी एखादी जागा! सात मिनिटांत! मी शोधायला बसलो. पट्टीवर आवाजाचा आलेख दिसतो, डोंगरासारखा. माझी सगळी डोंगररांगच, एकाला एक लागून. पण भिंगातून बघावं तसं मोठं करून पाहिलं, तर डोंगरांच्या मध्ये बारीक बारीक खिंडी. म्हटलं, या कसल्या? तर तिथे मी श्वास घेतलाय! माणूस आहे, श्वास तर घ्यावाच लागतो. पण किती घ्यावा... एक तृतीयांश सेकंद! वर्गात सवय लागली होती हो. त्याहून जास्त थांबलं, की एखादा विद्यार्थी हात वर करायचा, आणि मला उत्तर येत नसलं तर? आयुष्यभर ती धास्ती. लोकांना वाटायचं, सरांना किती येतं, किती बोलतात! अहो, मी प्रश्नाला जागा मिळू नये म्हणून बोलायचो! हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

तर मी उलटं केलं. आधी अख्खी रेघ तळाला नेली. मी गप्प. उणे अनंत. आणि जिथे जिथे श्वास, तिथे चार ठिपके, मधली रेघ वर! एकेका श्वासाला चार. एकोणतीस श्वास सापडले, एकशे सोळा ठिपके. पाच दिवस. पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले, सकाळचा चहा दुपारी सापडायचा, स्पीकरच्या मागे. आणि ऐकू काय यायचं, माहीत आहे? एका श्वासात, "अहो." पुढच्या श्वासात, "हे जरा." मग पुन्हा, "अहो." मग लोकर ओढल्याचा आवाज. मग, "एक मिनि..." आणि संपला श्वास! तिला मिनिट हवं होतं, मी तिला एक तृतीयांश सेकंद दिला! एकोणतीस तुकडे जोडून मिळालं काय, तर आठ 'अहो', दोन 'जरा' आणि एक उसासा. आता नातीला हे ऐकवायचं? आजी कशी बोलायची, तर अहो, अहो, जरा, हुश्श?

शनिवार सकाळ उजाडली. तिसावा श्वास राहिला होता. तो मी आधी मोजलाच नव्हता, कारण तो पट्टीवर इतका लांब दिसत होता की मला वाटलं, इथे यंत्र बिघडलंय. मी आणि एवढा गप्प? शक्यच नाही! अकरा सेकंद! मग आठवलं, मला ठसका लागला होता. बोलून बोलून घसा कोरडा, मी पाण्याचा पेला उचलला, अकरा सेकंद पाणी प्यायलो. चार ठिपके दिले. अलीकडे दोन, पलीकडे दोन. मधली रेघ वर. खालच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारलं, "कोणाच्या तोंडात काही आहे का?" ते म्हणाले, "नाही सर, बिनधास्त लावा."

लावलं.

तिच्या आवाजात मला जमत नाही, ते मी आधीच कबूल केलंय, तेव्हा माझ्याच आवाजात सांगतो. ती म्हणते, "अहो, ते ठेवा ना खाली. या, बसा इथे. दोन हात पुढे करा, लोकर गुंडाळायची आहे."

एवढंच. उसवलेल्या लोकरीची लडी कुणीतरी दोन हातांवर ताणून धरली, की समोरच्याला गुंडा करायला सोपं जातं. ती हात मागत होती. मग पेला ठेवल्याचा आवाज. आणि मग मी, "तर मुद्दा असा की, लोकर ही ध्वनीची उत्तम शोषक आहे!"

हसा, हसा. मीही हसलो. मग पुढचं चित्र पाहिलं. म्हणजे ते मी नऊ दिवस रोज पाहत होतो, पण माझं लक्ष पट्टीवर, ठिपक्यांवर. ती माझ्याकडे बघते. जरा हसते. मग उठते, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून समोर घेते, आणि खुर्चीच्या पाठीवर लोकर ताणून बसवते. आणि गुंडा करायला लागते. माझ्या जागी खुर्ची! आणि सांगायला वाईट वाटतं, पण खुर्चीनं ते काम फार छान केलं. हलली नाही, बोलली नाही.

ती बोलते तिथपासून गुंडा करते तिथपर्यंतचं चित्र ठेवलं, त्यातला माझा आवाज तळाला नेला, बाकीचं सगळं कापून टाकलं. उरली पावणेदोन मिनिटं. फाइलीला नाव दिलं 'आजी', पुढे 'अंतिम' वगैरे काही लिहिलं नाही, आणि मुलीला पाठवून दिली.

रविवारी पडद्यावर वाढदिवस. केक कापून झाला, नाकाला मलई लागलेली, आणि बाईसाहेब टॅबलेट मांडीवर घेऊन आजीला बघायला बसल्या. मागे मुलगी उभी. मी इकडे एकटा, शर्टाला इस्त्री करून, निकालाच्या दिवशी बसतात तसा. "अहो, ते ठेवा ना खाली. या, बसा इथे." मुलीनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा, अगदी अश्शीच म्हणायची आई, 'या, बसा.'" आणि ती वळली, मला वाटतं ताटल्या उचलायला. नात मात्र पडद्याकडे बघून भुवया उंचावते. "आजोबा, आजी कोणाशी बोलतेय? तिथे तर कोणीच नाहीये!"

आता बरोबर आहे ना तिचं! मी चित्रात नाही, आणि आवाजातून स्वतःला मी स्वतःच्या हातानं काढलंय. बघणाऱ्याला वाटणार, बाई एकटीच बसून बोलतेय. मी म्हटलं, "माझ्याशी बोलतेय, बेटा."

"मग तू गेला का नाहीस बसायला?"

"माझ्या हातात कॅमेरा होता ना."

"मग ठेवायचा ना खाली. आजी तेच म्हणतेय की!"

बघा! मी दर व्याख्यानाच्या आधी रात्र रात्र घाबरायचो, कोणी असा प्रश्न विचारला तर, ज्याला उत्तर नसेल, तर काय करायचं? चाळीस वर्षं कोणी विचारला नाही. विचारला कोणी, तर नाकाला मलई लावलेल्या बाईनं! आणि पुढे काय केलं, माहीत आहे? व्हिडिओ पुन्हा लावला, बाहुली उचलली, टॅबलेटच्या समोर बसवली, टोपी सरळ केली, आणि आजी "दोन हात पुढे करा" म्हणाली, तसे बाहुलीचे दोन्ही हात धरून पुढे केले.

"बघ आजोबा," म्हणाली, "हिला येतं."

आता ही तक्रार आहे का? मला माहीत नाही. नऊ दिवस मी चार ठिपक्यांवर कुरकुर करतोय, पण ठिपक्यांचं काही चुकलं नाही हो. जेवढं खाली जायला हवं होतं तेवढं मी गेलो, जेवढं वर यायला हवं होतं तेवढं ती आली. फक्त ते सगळं ती गेल्यावर झालं. तिकडे आता रोज आजी बोलावते आणि बाहुली जाऊन बसते. मुलगी म्हणते, दिवसातून चार वेळा. चारच, बघा.

मी फार वेळ घेतला. नाही, घेतलाच. पाय दुखायला लागले. ती... ती खुर्ची रिकामीच आहे ना? जरा सरकता का? हां. बसतो. अस्सं. आणि आता एक करू या. मी गप्प बसतो. तुम्ही बोला. काहीही, खरंच. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही, हात मांडीवर ठेवतो, घड्याळ लावतो. पुरते अकरा सेकंद. बोला...

...

...

कोणीच बोलत नाही?

...

झाले अकरा.

बरं... तर मुद्दा असा की...